सांगली-मिरज सर्व्हिस मोटार: आमच्या घरची गाडी आणि तिचं परमिट

टपावरचा (धागाकर्ता)

एसटीच्या आधी आपल्या भागात प्रवासी मोटारी कोण चालवत होतं, हा विषय इथं अधूनमधून निघतो आणि 'पूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी असायच्या' एवढ्या एका वाक्यावर मिटतो. त्यातली एक मोटार आमच्या घरची होती. घराण्याचं नाव लिहीत नाही. अड्ड्याच्या जुन्या जागेवरून चुलत घरांत अजून दावा चालू आहे आणि दोन्हीकडची मंडळी इथं वाचायला असतात.

पणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ आधी टांगा चालवायचे. सांगली ते मिरज सहा मैल, आजचे दहा किलोमीटर. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि शेव्हरोलेची चासी तिथंच घेता येऊ लागली. चासी म्हणजे चार चाकं, इंजिन, स्टिअरिंग, आणि ड्रायव्हरला बसायला एक लाकडी पेटी. ती तशीच उघडी, नाकातोंडाला फडकं बांधून, पुण्यावरून चालवत आणायची. बॉडी गावातले सुतार करायचे. सागवानी चौकट, वर पत्रा, खिडक्यांच्या जागी ताडपत्रीचे पडदे, टपाला कठडा आणि मागं शिडी. ड्रायव्हरशेजारच्या जागेला जादा पैसे, कारण तिथं धूळ कमी आणि मान जास्त. सकाळी हँडल मारायचं काम धाकट्या भावाकडं. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच म्हणून समजा. त्याचं एकदा गेलं होतं, पुढं तो डाव्या हातानं तिकिटं फाडायचा.

आज सिक्स सीटरवाला ज्या रस्त्यावर दिवसभर येरझाऱ्या घालतो, त्या रस्त्यावर तेव्हा राज्यं बदलायची. सांगली हे वेगळं संस्थान. मिरज म्हणजे थोरल्या पातीचं (शाखेचं) दुसरं संस्थान. बुधगावला वळलात तर मिरज धाकटी पाती. तासगावकडं पुढं सरकलात की इंग्रजी मुलूख, सातारा जिल्हा. आमच्याकडं ज्या वह्या उरल्यात त्यांत 'सांगली दरबार' आणि 'मिरज दरबार' असे भरणे वेगवेगळे लिहिलेत, आणि खाली दर आठवड्याला 'नाका, किरकोळ'. या किरकोळीत काय काय बसायचं ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

समोर स्पर्धेला रेल्वे होती. सांगली संस्थाननं १९०७ मध्ये मिरज जंक्शनपर्यंत स्वतःची मीटर गेज टाकली होती, जेमतेम पाच मैलांची. आज सांगलीत स्टेशन चौक आहे पण तिथं स्टेशन नाही, ते त्या जुन्या लाईनमुळं. ब्रॉडगेज झाली तेव्हा स्टेशन गावाबाहेर गेलं.

गाडीला माणूस कुठून मिळायचा? एक तर मिरजेचा दवाखाना. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल, तिथं पार कर्नाटकातून पेशंट यायचे. पेशंट एक आणि सोबत चार जण, शिवाय रोज डबा घेऊन जाणारा पाचवा. दुसरं विलिंग्डन कॉलेज, १९१९ पासून विश्रामबागेत, दोन्ही गावांच्या मधोमध. पोरं अर्ध्या तिकिटासाठी भांडायची. तिसरं कोर्टकचेरी आणि बाजार. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यानंतर मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होऊ लागलं. त्या रात्री आमची गाडी पहाटेपर्यंत थांबायची. आजोबांना संगीतातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण कोणता गवई लांबवतो हे पाठ होतं, कारण त्यावर परतीची खेप ठरायची.

१९२९ मध्ये इर्विन पूल झाला. त्याआधी इस्लामपूर, आष्ट्याकडचा माणूस कृष्णेच्या पलीकडं उतरायचा, नावेतून यायचा, आणि पावसाळ्यात नदी फुगली की जिथल्या तिथं राहायचा. पूल झाल्यावर आमच्या घरानं दुसरी गाडी घेतली आणि आष्ट्याच्या रस्त्याला टाकली. घरातल्या बायकांचे दागिने मोडून, हे पुढं लिहीन.

मग युद्ध. पेट्रोलला रेशन, टायरला रेशन. गाडीच्या मागच्या अंगाला लोखंडी भट्टी बसवली आणि लोणारी कोळशावर मोटार चालवली. कोळसा कमी हवेत धुमसवायचा, त्यातून निघालेला गॅस गाळून इंजिनात सोडायचा. पेटवल्यावर गॅस धरायला वेळ लागायचा, त्यामुळं पहिल्या खेपेसाठी अंधारात उठायचं. ताकद बरीच कमी पडायची. आमचा रस्ता सपाट म्हणून निभावलं. घाटातल्या गाड्यांचे उतारू खाली उतरून ढकलायचे म्हणतात. गॅस विषारी, क्लीनरला चक्कर यायची, त्याला भट्टीजवळ झोपू द्यायचे नाहीत.

एसटी आल्यावरचं नंतर लिहितो. तोवर कुणाच्या घरात असलं काही असेल तर सांगा.

---

हळदीपेठ

झकास लिहिलंयत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक शंका. राजाची रेल्वे दाराशी असताना लोक धूळ खात मोटारीनं का जायचे? तिकीट स्वस्त होतं का?

---

टपावरचा

@हळदीपेठ, स्वस्त असायचंच असं नाही. रेल्वे स्टेशनपासून स्टेशनपर्यंत नेते. मोटार दवाखान्याच्या फाटकात उतरवते आणि परतीला तिथंच हॉर्न मारते. गाडीची वेळ चुकली तर पुढची गाडी येईपर्यंत बसावं लागायचं, मोटारवाला हात केला की थांबायचा. शिवाय उधारी. रेल्वेच्या खिडकीवर कुणी उधार तिकीट दिल्याचं ऐकलंय का? आमच्या वहीत पानंच्या पानं उधारीची आहेत, त्यातली निम्मी नात्यातली.

हे फक्त सांगलीतलं नव्हतं. देशभर रेल्वेचे जवळचे उतारू मोटारी पळवत होत्या. सरकारनं त्यावर मिचेल आणि कर्कनेस या दोघांचा अहवाल करून घेतला, तो १९३३ मध्ये आला. त्यानंतर सहा वर्षांनी मोटार वाहन कायदा झाला आणि परमिट नावाची गोष्ट पक्की झाली. वाहतुकीला शिस्त लावायची हा हेतू होताच, पण रेल्वेला सांभाळायचं हाही होता.

---

कोरेगावची_लेक

माझं आजोळ साताऱ्याचं. आईच्या आजोबांची मोटार सातारा शहर ते स्टेशन चालायची, पुढं कोरेगावपर्यंत. साताऱ्याचं तेव्हाचं स्टेशन म्हणजे सातारा रोड, गावापासून बरंच लांब, त्यामुळं गाडी आली की मोटार भरायची आणि मधल्या वेळात ड्रायव्हर झाडाखाली झोपायचा. महाबळेश्वरचे साहेबलोक मात्र आमच्याकडं नसायचे. ते वाठार स्टेशनवर उतरून वाईमार्गे पसरणी घाटानं वर जायचे. तो मलईचा रस्ता, तिथं आमच्यासारख्यांना कोण विचारतंय.

तुम्ही दागिन्यांचं 'पुढं लिहीन' म्हणून सोडलंत ते आधी लिहा. आमच्याकडं मोटारीच्या गोष्टी सगळ्या मामालोकांनी सांगितल्या. त्यात इंजिन असतं, घाट असतो, वाघ आडवा आलेला असतो. पणजीच्या तोंडून आईनं ऐकलेलं वेगळंच आहे. पहाटे तीनला ड्रायव्हर, क्लीनर आणि घरातले पुरुष यांच्या भाकरी. रात्री शेवटच्या खेपेच्या माणसांसाठी पुन्हा चूल. सीटांच्या गाद्यांची शिलाई उसवली की ती घरात यायची. दिवसाची चिल्लर मोजायला सासू आणि दोन सुना बसायच्या, आणे एकीकडं, पैसे एकीकडं, खोटं नाणं निघालं की त्या दिवशीच्या कंडक्टर दिराचा उद्धार. टायर फुटला तर पाटल्या सावकाराकडं. सीझन चांगला गेला तर सुटायच्या, नाहीतर नाही. पणजी म्हणायची, मोटारीचं पहिलं तिकीट मी काढलं पण बसले कधीच नाही. खरंही होतं. मालकाच्या घरची बाई गाडीत बसली तर एक तिकीट बुडतं ना!

---

निवृत्त_वाहक

मी एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. सांगली, इस्लामपूर, शिराळा सगळीकडं काढली. सर्व्हिस मोटारींचं एवढं कौतुक चाललंय तर दुसरी बाजू ऐका.

आमचे वडील वाळवा तालुक्यातले. ते सांगायचे, मोटार कधी सुटणार तर भरल्यावर. एक माणूस कमी असला तर तासभर उन्हात बसवायचे. ड्रायव्हर इंजिन चालू करायचा, चार हात पुढं न्यायचा, पुन्हा मागं घ्यायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं निघालीच. आत बसलेल्याला उतरू द्यायचे नाहीत. पाल, शिराळा, म्हसवड, कुठलीही जत्रा असली की भाडं दुप्पट आणि टपावर माणसं. आडरानात बिघडली तर 'चाला पाव्हणं'. पावसाळ्यात गाळ झाला की दोन-दोन महिने गाडीच नाही. मालकाला परवडत नाही म्हणून एखादं गाव वर्षभर वाळीत टाकल्यासारखं.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. बेडफर्डच्या गाड्या, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा. त्या पहिल्या गाडीचे वाहक लक्ष्मण केवटे, हे नाव आमच्यातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असायचं. तेव्हापासून एक झालं, गाडीत दोनच माणसं असली तरी ती वेळेला सुटू लागली. शिराळ्याच्या वरच्या वाडीत मुक्कामाची गाडी जायची. त्या गाडीनं सकाळी पोरं हायस्कुलात आणि म्हातारी माणसं दवाखान्यात. ती फेरी कधीच फायद्यात नव्हती. तुमच्या पणजोबांनी घातली असती का? राग मानू नका, सरळ विचारतोय.

---

टपावरचा

वाहककाका, राग कसला. नसतीच घातली. आमच्या घरात 'एसटीनं आपला चालता धंदा गिळला' असं अजून मोठ्या आवाजात बोललं जातं, लग्नकार्यात तर हमखास. मी या वह्या बसून वाचल्या आणि माझं मत घरातल्यांपेक्षा वेगळं झालं, म्हणूनच हा धागा काढला.

वहीत पेट्रोल आहे, टायर आहे, नाका आहे, सुताराची मजुरी आहे, बाहेरच्या एका ड्रायव्हरचा पगार आहे. पण तिघा भावांचा पगार कुठंच नाही. आजोबा शाळा सोडून गाडीवर गेले, त्यांच्या नावापुढं दिवाळीला एक धोतरजोडी, बाकी काही नाही. कोरेगावच्या ताई म्हणतात त्या भाकरी, ती शिलाई, ती चिल्लर मोजणी, यातलं काही म्हणजे काही वहीत नाही. मोडलेले दागिने तेवढे आहेत, तेही 'घरून आले' अशा दोन शब्दांत. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून ती नोंद पुन्हा काढून बघितली. कुणाच्या अंगावरचे ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या गाडीचे पैसे त्यातून उभे राहिले, आणि गाडीच्या कागदावर नावं तिघा पुरुषांची.

ही सगळी मजुरी बाजारभावानं धरली तर आमची मोटार कधी फायद्यात होती की नाही याचीच मला शंका आहे. घर राबत होतं म्हणून गाडी पळत होती. तुम्ही म्हणता तसं एक माणूस कमी असला तरी न सुटणं, हे त्यातूनच आलेलं. लबाडी होतीच, नाही म्हणत नाही. पण एका मोकळ्या सीटवर त्या खेपेचं पेट्रोल सुटणार की नाही हे ठरत असेल तर मालक दुसरं काय करणार? आणि हेच कारण आहे की तो वाडीवर कधी जाणार नाही. एसटी एका रस्त्याचा तोटा दुसऱ्या रस्त्यावर भरून काढू शकते. ज्याच्याकडं दोनच रस्ते आणि दोनच गाड्या, तो कशातून काढणार?

फक्त एका गोष्टीवर मी घरच्यांच्या बाजूचा आहे. गाड्या चांगल्या की वाईट यावर आमचा निकाल लागला नाही, कागदावर लागला. ८ मार्च १९४८ ला सांगली-मिरजेची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला (त्याचं नाव सांगली व्हायला १९६० साल उजाडलं). दरबारचे जुने परवाने संपले, मुंबईचा कायदा आला. पूर्वी अडलं तर पणजोबा दिवाणांकडं जाऊन उभे राहायचे, निदान माणूस तरी दिसायचा. आता अर्ज, नमुना, तारीख. आणि परमिटाची मुदत संपली की नवं मिळायचं नाही, कारण तो रस्ता एसटीला द्यायचा ठरलेला. एकेक रस्ता गेला.

---

कलम_अठ्ठावन्न

कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथं दोन काळ एकात मिसळण्याचा धोका आहे.

१९३९ च्या कायद्यात प्रवासी गाड्यांचे मुख्य दोन प्रकार झाले. टप्पा वाहतूक म्हणजे वाटेत चढ-उतार, प्रत्येकाचं वेगळं तिकीट. कंत्राटी वाहतूक म्हणजे अख्खी गाडी ठरवून नेणं. टप्पा परमिटाची मुदत कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पाच वर्षं. तेव्हाच्या बऱ्याच मालकांचं दुखणं इथं आहे. परमिट तीन वर्षांचं आणि गाडीचं कर्ज फिटायला त्याहून जास्त लागत असेल, तर सावकार व्याज त्या धास्तीनं लावणार. त्यात १ जुलै १९४६ पासून तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा झाला. तो हवाच होता, पण एक-दोन गाड्यावाल्यांना त्याचा हप्ता जड गेला.

१९५० मध्ये रस्ते वाहतूक महामंडळ कायदा आला. आणि खाजगी मार्ग ताब्यात घ्यायची तपशीलवार पद्धत, म्हणजे योजना जाहीर करा, हरकती ऐका, भरपाई द्या, ही १९५६ च्या दुरुस्तीनं आली, प्रकरण चार-अ म्हणून. भरपाई किती? परमिट मुदतीआधी रद्द केलं तर उरलेल्या दर महिन्याला दोनशे रुपये, पंधरा दिवसांच्या आतला तुकडा असेल तर शंभर, आणि एकूण चारशेच्या खाली नाही. गाडीची किंमत नाही, गिऱ्हाइकीची किंमत नाही. आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण नाकारलं तर काहीच नाही! मुंबई राज्यात बरेच मार्ग हे प्रकरण येण्याआधीच एसटीकडं गेले होते, त्यामुळं धागाकर्त्यांच्या घराला ते दोनशेसुद्धा मिळाले नसतील.

---

टपावरचा

नाही मिळाले. मिळाल्याची नोंद तरी कुठं नाही.

---

बिरोबाचा_भगत

आयला, आम्ही इथं जतकडं अजून वडापनं, म्हणजे खाजगी जीपनं, हिंडतोय आणि तुम्ही म्हणताय सर्व्हिस मोटारी संपल्या. कुठं संपल्यात? भरल्याशिवाय सुटत नाही, हात केला की थांबते, टपावर शेरडं, पुढच्या सीटवर सरपंच. वाहककाकांनी जे जे वाईट सांगितलं ते सगळं आहे, आणि टपावरच्या दादांनी जे चांगलं सांगितलं तेपण आहे. उधारीसुद्धा चालते. माझी चुलती दर बाजारी उधारीवर जाते. फक्त परमिट नाही, म्हणून पोलीस दिसला की शेवटची चार माणसं खाली उतरून चालत पुढच्या वळणाला भेटतात.

आमच्या वडापवाल्याची बायको घरी पंक्चर काढते. दोन पोरं, एक ड्रायव्हर, एक दाराला लटकतंय. वही मात्र नाही, सगळं मोबाईलवर.

---

निवृत्त_वाहक

या वडापनं एसटीचं कंबरडं मोडलं. पुढच्या स्टॉपला आमच्या पाच मिनिटं आधी माणसं उचलायची. जिथं चार पैसे मिळतात तो रस्ता त्यांनी घ्यायचा, आणि वाडीवरची मुक्कामी गाडी आम्ही चालवायची. मग म्हणायचं एसटी तोट्यात. २०२१ च्या संपात तर सरकारनंच खाजगी गाड्यांना प्रवासी न्यायची परवानगी दिली. आम्ही गेटावर बसलेलो आणि समोरून त्या भरून चाललेल्या. तेव्हा भाडं काय घेतलं ते विचारा.

---

कोरेगावची_लेक

काका, तुमचं दुखणं कळतं. पण एसटीचं एक कौतुक तुम्ही केलं नाहीत ते मी करते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या गाड्यांत बघा. माहेरी, बाजारला, देवाला, नुसत्या बायका. वडापमध्ये पुढच्या सीटवर सरपंच बसतो, मागं आम्ही कोंबलेल्या. एसटीत निदान सीट माझी आहे असं म्हणता येतं. पणजीला हे बघायला मिळायला हवं होतं.

---

हळदीपेठ

मुद्द्यावर या. परमिटं गेल्यावर तुमच्या घरानं केलं काय? दोन मोटारी, तीन भाऊ, आणि एवढी पोरं.

---

टपावरचा

आष्ट्याची गाडी विकली. मिरजेच्या गाडीची बॉडी उतरवून ट्रकची केली. मालवाहतूक एसटीनं घेतली नव्हती, ती मोकळी होती. सांगलीच्या पेठेतली हळद आणि गूळ वाहिला. पोत्यांना मिरजेला उतरायची घाई नसते, भांडण नसतं, अर्धं तिकीट नसतं, हे आजोबांचं त्या काळातलं एकमेव विनोदी वाक्य. मधले भाऊ एसटीत ड्रायव्हर झाले. घरात ती मोठी नामुष्की मानली गेली. पण सगळ्यांत आधी स्वतःचं घर बांधलं ते त्यांनीच, कारण दर महिन्याला पगार येत होता आणि त्यांच्या बायकोला पहाटे तीनला कुणाच्या भाकरी थापाव्या लागत नव्हत्या. मला हे फार मोठं वाटतं. आमच्या घराण्यात मोटारधंद्याचे पैसे खऱ्या अर्थानं हातात पडलेला पहिला माणूस म्हणजे एसटीचा नोकर.

मग १९८८ चा कायदा, जो १ जुलै १९८९ ला लागू झाला. त्यानंतर आमच्या एका चुलत्यांनी टुरिस्ट परमिटवर बस घेतली. कंत्राटी परमिट. कागदावर पन्नास माणसांची एकच सहल, प्रत्यक्षात पन्नास तिकिटं. रात्री सांगलीत भरायची, सकाळी मुंबईत रिकामी करायची. हे सगळीकडं चालतं, सगळ्यांना माहीत आहे. ज्या कायद्यातल्या फरकानं पणजोबांची गाडी बंद झाली, त्याच फरकाच्या आडोशानं चुलत्यांची चालली.

त्याचंही बरं चाललं काही वर्षं. नंतर दहा-दहा, वीस-वीस गाड्यांचे मालक आले, स्लीपर आल्या, तिकिटं मोबाईलवर गेली, आणि एका गाडीच्या मालकाला अड्ड्यावर उभं राहून गिऱ्हाईक ओरडून बोलवण्यात अर्थ उरला नाही. आता त्या घराच्या दोन गाड्या आहेत, दोन्ही पिवळ्या. शाळेच्या. २०११ च्या नियमांनी स्कूल बसला सतरा अटी घातल्या, वेगाला लगाम, गाडीत बाई मदतनीस वगैरे. मदतनीस कोण? चुलत बहीण. पगार? विचारू नका.

---

कलम_अठ्ठावन्न

'सतरा अटी' हे मोजून की आपलं बोलायचं म्हणून? आमच्यातला कुणीतरी लगेच राजपत्र उघडून बसेल.

---

टपावरचा

बोलायचं म्हणून. बसा उघडून.

---

बिरोबाचा_भगत

म्हणजे पुन्हा घरचंच माणूस फुकटात गाडीवर. चार पिढ्या झाल्या की दादा.

---

हळदीपेठ

अवांतर: सांगली-मिरज शहर बस आजही एसटीच चालवते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. महापालिका १९९८ ची, पण बससेवा तिची नाही. म्हणजे धागाकर्त्यांच्या पणजोबांकडून जो सहा मैलांचा रस्ता गेला तो अजून त्याच घेणाऱ्याकडं आहे.

---

निवृत्त_वाहक

रस्ता आहे, पण गाड्या बघा त्यावरच्या. किती जुन्या, किती कमी. आणि एसटीतसुद्धा आता भाड्याच्या गाड्या शिरल्या. २०१७ मध्ये शिवशाही आली तेव्हा त्यातल्या बऱ्याच मालकाच्या होत्या. ड्रायव्हर मालकाचा, कंडक्टर आमचा. वाटेत बिघडली की उतारू शिव्या घालणार कंडक्टरला, कारण गणवेश त्याच्या अंगावर. मालक आहे कुठं? ऑफिसात. तुमच्या पणजोबांचं एक मी मानतो, गाडी बंद पडली तर ते तिथंच हँडल हातात घेऊन उभे असायचे. माणसानं भांडायचं कुणाशी ते ठरलेलं होतं.

---

टपावरचा

काका, हे मी आमच्या पुढच्या लग्नात वाचून दाखवणार.

---

कोरेगावची_लेक

वह्यांचे फोटो टाकाल का? जुनी पानं मोडीत असतील तर तीही टाका, माझी मामी मोडी वाचते. 'घरून आले' या नोंदीच्या आसपासचं पान नक्की टाका. त्या काळी गहाण टाकताना वस्तू आणि वजन लिहायची पद्धत होती. सावकाराची चिठ्ठी वहीत कुठं खोचलेली असेल तर पाटल्या की गोठ, एवढं तरी कळेल.

---

टपावरचा

सुरुवातीची पानं मोडीतच आहेत, पुढं बाळबोध आहे. चिठ्ठ्यांचा एक पुडका वेगळा आहे, तो अजून सोडलेला नाही. रविवारी फोटो काढून टाकतो. आधी उधारीच्या पानांवरची नावं झाकून घेतो, त्यातले निम्मे व्याही आहेत.